लालासाहेबांचं पाळीपत्रक

लालासाहेब मोहिते दुसऱ्याच्या घरी गेले की आधी पंखा बंद करतात आणि मग रामराम घालतात. मयताला गेले तरी तेच. आमच्या बोरमाळचे भाऊसो गेले तेव्हा सगळी मंडळी ओसरीवर माना खाली घालून बसली होती, आणि लालासाहेब भर दुपारी जळणाऱ्या बल्बचं बटण शोधत भिंतीभिंतीनं हिंडत होते. बटण सापडलं, बल्ब विझला, मग खाली बसून रीतसर रडले.

ही खोड सैन्यातली. सिग्नलमध्ये हवालदार होते. बर्फातल्या चौकीवर वायरलेसची बॅटरी गारठून मरू नये म्हणून हे तिला पांघरुणात घेऊन झोपत. लीलाबाई, म्हणजे त्यांची मंडळी, म्हणतात, "माज्यापरीस तिलाच जास्त जवळ घेतलंय ह्यांनी." हे त्या चारचौघांत म्हणाल्या, म्हणून मीही चारचौघांत सांगतो. एकान्तात सांगितलेलंही मी चारचौघांतच सांगतो, पण थोडा थांबून.

आमचं बोरमाळ विट्याकडनं माणच्या अंगाला जाताना लागतं. इथली तरणी माणसं दोनच ठिकाणी सापडतात, एक सैन्यात, नाहीतर गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे सोनं-चांदी भट्टीत आटवून शुद्ध करण्याचा धंदा. त्यापायी आमची पोरं कोईमतूर, जालंधर, गुवाहाटी, मदुराई अशी कुठं कुठं पांगलीत. लालासाहेबांचा रविराज कोईमतूरला. गावात राहतात त्यांचे आईबाप, मेंढरं, आणि माझ्यासारखे रिकामटेकडे.

रिटायर होऊन आल्यावर लालासाहेबांची फार पंचाईत झाली. सकाळी पाचला उठायचं, दाढी करायची, शर्टाला इस्त्री करायची आणि मग जायचं कुठं हे ठाऊक नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते गोठ्यात बसत. म्हैस बघत राही.

अशात दोन वर्षांमागं पुण्याच्या प्रांजल मॅडम आल्या. रानातल्या जनावरांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत त्या काम करतात. आमच्या माळावर एक पाणवठा आहे, तिथं लांडगा, खोकड, तरस असं काय काय पाण्याला येतं ते बघायला त्यांना कॅमेरा लावायचा होता. एक माळ आमचा, दुसरा शेजारच्या पाचपिंपळीचा, दोन्हींतनं एक निवडायचा. पाचपिंपळीतनं पुढं आला जोतीराम, म्हणजे लीलाबाईच्या थोरल्या बहिणीचा नवरा, लालासाहेबांचा साडू. आता साडू हे नातं कसं असतं? एकाच सासुरवाडीत पंगतीला बसलेले दोघं. कुणाच्या पोळीवर तूप जास्त पडलं ते मरेपर्यंत विसरत नाहीत. जोतीरामानं मॅडमसाठी मांडव घातला, चहाबरोबर पोहे केले, सरपंचाला उभा केला. लालासाहेबांनी नुसतं विचारलं, "मॅडम, बॅटरी किती अँपियरची?"

कॅमेरा बोरमाळला आला.

माळावर दोन पुरुष उंचीचा लोखंडी खांब. शेंड्याला परातीएवढं सोलरचं पॅनल, त्याच्या जरा खाली कॅमेरा, आणि बुडाशी डब्यात बॅटरी. पुढ्यात काही हललं की तो फोटो काढायचा, सिमकार्डावरनं पुण्याला धाडायचा आणि डोळा मिटून पडायचा. शिवाय मोबाइलवरनं कुणी त्याला उठवलं, तर त्या घडीला माळावर जे असेल ते सिनेमासारखं दाखवायचा. फोटोला वीज थोडी लागते, सिनेमाला लय. आणि बॅटरी वीस टक्क्यांखाली गेली की यंत्र आपण होऊन बंद पडतं. मग ते चालू करायला पुण्याहून माणूस यावा लागतो.

लालासाहेबांच्या शर्टाला जागा मिळाली. रोज सकाळी माळ चढायचा, मऊ फडक्यानं पॅनल पुसायचं, कावळ्याची घाण काढायची आणि मोबाइलवर बॅटरीचा आकडा बघून वहीत लिहायचा. खांबाला सलाम ठोकतात असंही मी गावात सांगितलं होतं. ते मी स्वतः बघितलेलं नाही, पण सगळ्यांना पटलं.

यंदा मार्गशीर्षात कॅमेरा पहिल्यांदा बंद पडला. मॅडम आल्या, पुण्याला गेलेले फोटो उघडून बघितले. चारशे बारा फोटो आणि सगळी मेंढरं. आमचा नाथाजी धनगर मेंढरं पाण्यावर आणतो, ती खांबापुढनं एकेक करून जातात, आणि आधारकार्डाला काढतात तसा यंत्रानं प्रत्येकीचा समोरून फोटो काढला होता. लालासाहेब नाथाजीकडं गेले.

"नाथाजी, मेंढरं खांबामागनं न्हेत जा. बॅटरी संपती."

"आवं, मेंढराला काय ठावं फुडली बाजू कंची आनि मागली कंची? पर सांगतो त्यास्नी."

सांगितलं म्हणे. मेंढरं मागनं जाऊ लागली. लालासाहेबांनी पुढचं हलणारं गवत कापलं. दुपारी एक ते चार उन्हात जनावर फिरकत नाही, म्हणून तेवढ्या वेळात फोटो काढायचे नाहीत अशी यंत्राला रजा लावून दिली. एवढं करून पंधरा दिवसांत यंत्र दुसऱ्यांदा बंद.

ह्या वेळी मॅडम खांबाशेजारी दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमचा दोष नाही, पण मला वर उत्तर द्यावं लागतं. आज सोमवार. पुढच्या सोमवारी दुपारी एकला मी येते. तोवर एकदा जरी बंद पडला, तर कॅमेरा पाचपिंपळीला न्यावा लागेल. तिथले काका रोज फोन करतात."

"कोन? जोतीराम?"

"हो. फार गोड बोलतात."

लालासाहेब घरी आले ते जेवलेच नाहीत. लीलाबाईंनी भाकरी पुढं ठेवली तर म्हणाले, "गोड बोलतो म्हनं." पाणी दिलं तरी तेच. मला तेव्हा कळलं की ह्या माणसाला कॅमेऱ्यापरीस मोठं असं आता दुसरं काही उरलेलं नाही. खांब गेला तर शर्ट परत गोठ्यात.

मंगळवारी त्यांनी दर तासाला आकडा लिहिला. संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडं आले.

"तात्या, हे बगा. सकाळी आठला सहा टक्के पडतंय. परत दुपारी दोनला नऊ. दुपारी तर यंत्र रजेवर हाय. रजेवरचा मानूस मेसमदी जेवतोय कसा?"

मी वहीत बघत होतो, पण माझं चित्त जाग्यावर नव्हतं. माझ्याही मागं एक भानगड लागली होती.

झालं असं की त्या महिन्यात गावातल्या गोष्टी गावाबाहेर फार झपाट्यानं जाऊ लागल्या होत्या. आमच्या अर्जुनाला कोईमतूरहून पोराचा, धनाजीचा, फोन आला, "दादा, पान्याची दारं धराय गेलाय का बांधाला तंबाखू मळाय? पानी शेजारच्या डाळिंबात शिरलंय." अर्जुना बांधावरच बसला होता. तंबाखू हातातच होती. त्यानं वळून बघितलं, तर पाणी खरंच डाळिंबात. दुसऱ्याला जालंधरहून विचारणा, गोठ्याचा पत्रा अजून का बसवला नाही. तिसऱ्याच्या आईला मदुराईहून, बांधावर कुणाशी भांडत होतीस.

आता गावात चुगली म्हटलं की माणसं आधी कुणाकडं बघणार? अर्जुना काठी घेऊनच माझ्या दारात आला.

"तात्या, तूच कळवतुयास."

"अर्जुना, मला तुझ्या पोराचा नंबर ठावं न्हाई."

"मग माज्या तंबाखूचं त्येला कुनी सांगितलं?"

खरं सांगू का, आरोपाचं मला काही वाटलं नाही. असले आरोप माझ्यावर चाळीस वर्षं आहेत आणि त्यांतले निम्मे खरे आहेत. झोंबलं ते निराळंच. गावातली बातमी पहिली माझ्याकडं असते, हीच माझी जन्माची इभ्रत. आणि अर्जुनाच्या तंबाखूची बातमी मला कळायच्या आत कोईमतूरला पोचली होती.

तेव्हा लालासाहेबांना वीजचोर धरायचा होता आणि मला बातमीचोर. बुधवारी सकाळी साडेसातला आम्ही दोघं माळावर गेलो आणि खांबापासून वीस पावलांवर बोरीच्या झुडपामागं पालथे पडलो. लालासाहेब कोपरांवर, कवायतीत पडतात तसे. मी कसाही.

आठला बायका आल्या. पुढं लीलाबाई, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांत अबोली. मागं बयाबाई, म्हणजे अर्जुनाची मंडळी, हातात मेथीच्या दोन जुड्या. त्यांच्या मागं आणखी तिघी. खांबापुढं रांगेत उभ्या राहिल्या. एकेक जण पुढं यायची, कॅमेऱ्याकडं तोंड करायची, सावकाश फिरून पाठ दाखवायची, परत तोंड. बयाबाईंनी मेथी उंच धरली. एकीनं गुडघा बरा झाला हे दाखवायला तीन बैठका मारल्या. लीलाबाई खांबाकडं मान वर करून म्हणाल्या, "रव्या, वाळलायस रं. खातोस का न्हाई?"

कॅमेऱ्याला कान नाहीत आणि रविराज त्यांना दिसतही नव्हता. वाळलाय हे त्यांनी अंदाजानं ठरवलं होतं.

लालासाहेबांनी मोबाइल बघितला. आठला बहात्तर होते, आता सदुसष्ट. ते झुडपातनं उठले.

"आवं, तिथं काटं हायत," लीलाबाई म्हणाल्या. दचकल्या वगैरे अजिबात नाहीत.

सगळं बाहेर पडलं. दिवाळीला रविराज आला तेव्हा बापाच्या नव्या मोबाइलवर कॅमेऱ्याचं सगळं त्यानंच जोडून दिलं होतं. जोडताना बघायची लिंक स्वतःकडंही घेतली आणि गलाईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपमध्ये त्रेसष्ट जण. सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि दुपारी डबा खाताना त्रेसष्ट माणसं आमचा माळ उघडून बसत. माळ उतरणीचा, खाली सगळ्यांची रानं, कॅमेऱ्यात पार ओढ्यापर्यंत दिसतं. सकाळी आई बघायची आणि दुपारी बाप काय करतो ते.

"मग फोनवर बघा की एकमेकाचं तोंड," लालासाहेब म्हणाले. "व्हिडिओ कॉल कशाला हाय?"

बयाबाईंनी जुड्या खाली ठेवल्या. "भावजी, गावात तेवडी रेंज हाय का? आनि लागलाच, तर त्या फोनात त्येला माजं कपाळ दिसतंय आनि वरचा पंखा. पोरगं म्हनतं, आई, तू रानातनं चालताना दिसली पायजेस."

लालासाहेबांनी तिथनंच कोईमतूरला फोन लावला. माळावर रेंज असते. फोन स्पीकरवर होता, तरी मी कान जवळ नेला.

"रव्या, तू बापाची डूटी खातुयास."

"आण्णा, हितं दिसभर भट्टीफुडं बसतुय. दोन मिंटं माळ बघितला की बरं वाटतं."

"त्रेसष्ट जनांस्नी बरं वाटतंय आनि माजी बॅटरी मरतीया. बंद कर."

"आण्णा…"

"हुकूम हाय."

रविराजनं लिंक बंद केली. लालासाहेब माळ उतरले ते लढाई जिंकल्यासारखे. लढाई गुरुवारी सकाळी सुरू झाली.

गुरुवारी लीलाबाईंनी काही भांडण केलं नाही, रुसल्या नाहीत, चहासुद्धा वेळेवर दिला. फक्त लख्ख उजेडात घरातले सगळे बल्ब लावले. मग तिन्ही पंखे लावले. थंडीचे दिवस होते. मग टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. मग रिकामा मिक्सर सुरू करून अंगणात तांदूळ निवडायला बसल्या. लालासाहेब एक बटण बंद करून दुसऱ्याकडं वळेपर्यंत त्या पहिलं लावत. मी भिंतीपलीकडनं ऐकत होतो. मिक्सरचा आवाज पाच मिनिटं टिकला. सहाव्या मिनिटाला लालासाहेब अंगणात येऊन उभे राहिले.

"काय पायजे तुला?"

"मला काय पायजे असतंय? रव्याला मी दिसाय पायजे."

"अगं, खांब जोतीरामाच्या दारात जाईल."

"मग त्येच्या दारात जाऊन हुबी ऱ्हाईन. माजी बहीणच हाय तिथं."

हा घाव वर्मी बसला. साडूच्या माळावर, साडूच्या खांबापुढं, आपली बायको लुगडं नेसून उभी. लालासाहेब चावडीपुढं येऊन बसले आणि मान खाली घालून विचार करू लागले. चावडीच्या भिंतीवर सिंचन योजनेच्या पाण्याचं पाळीपत्रक लावलेलं असतं, कुणाच्या रानाला कोणत्या वारी किती तास पाणी. आमच्या गावात लग्नाची तारीखसुद्धा पाण्याची पाळी बघून धरतात. लालासाहेबांनी तो कागद वाचला. परत वाचला. मग मला म्हणाले, "तात्या, वीज म्हंजे पानीच हाय की."

आणि त्यांनी वहीचं पान फाडून लिहायला घेतलं. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असतं. पॅनल भरभरून वीज देतं, पण बॅटरी तोवर बहुतेक भरत आलेली असते, नि वरची वीज वाया जाते, भरलेल्या तळ्याचा सांडवा वाहून जातो तशी. तर बघायचं ते बाराला, सांडव्याच्या विजेवर. एका दिवशी एकच शहर. माणशी दोन मिनिटं. शुक्रवार जालंधर, शनिवार गुवाहाटी, रविवार मदुराई, सोमवार कोईमतूर, पुढच्यांची नावं पुढं. त्या त्या शहराच्या आयांनी बाराला पाच कमी असताना खांबापुढं हजर राहायचं. सकाळी आठची परेड बंद.

कागद चावडीवर पाण्याच्या पाळीपत्रकाशेजारी लागला. रविराजनं लिंक परत उघडली. दार सगळ्यांनाच उघडं होतं, पाळी फक्त शब्दावर होती. पाण्याचंही तसंच असतं.

आणि मग पाण्याची जी जी भांडणं असतात ती सगळी झाली. जालंधरच्या एकानं दोनाच्या जागी चार मिनिटं घेतली. गुवाहाटीच्या पाळीला ढग आला, तर त्यांचं म्हणणं, पाळी वाया गेली, बदली द्या. मदुराईच्या तिघांत सख्खे भाऊ दोन, एकानं दुसऱ्याची मिनिटं चोरली म्हणून त्यांचं बोलणं बंद. लालासाहेब दिवसभर फोनवर निवाडे देत होते. आवाज चढला होता, पण मी ह्या माणसाला इतका खुशीत कधी बघितला नव्हता. बॅटरी रविवारी संध्याकाळी साठावर होती.

सोमवार उजाडला तो आभाळ घेऊन. पौषात असलं आभाळ कुणी बघितलं नव्हतं. ऊन नाही, पॅनल उपाशी, आणि रात्रभर कुठलंसं खोकड पाणवठ्यावर येजा करून फोटो काढवून गेलेलं. सकाळी बेचाळीस. अकराला सदतीस. मॅडम एकला येणार.

"आज पाळी बंद ठिवा," मी म्हणालो.

लालासाहेबांनी वहीत आकडेमोड केली. "कोईमतूरचे चौघंच हायत. पाच-सहा टक्के जातील. पाळी म्हंजे पाळी, तात्या. माजा पोरगा त्यात हाय म्हनून बंद केली आसं कुनी म्हनाय नको." मग वही मिटून, "आनि घरात मिक्सर हाय."

कोईमतूरच्या आयांना उशीर झाला होता, त्या अजून वाटेवरच होत्या, लीलाबाई सगळ्यांत पुढं. आम्ही दोघं मॅडमसाठी फाट्यावर उभे. बारा वाजून एक मिनिटानं लालासाहेबांचा फोन वाजला.

"आण्णा," रविराज म्हणाला, "माळावर शिडी घिऊन कोन चाललंय?"

"शिडी?"

"काखंत घोंगडं हाय. तोंड खाली हाय, दिसंना. आता शिडी खांबाला लावली. आण्णा, निस्तं पाय दिसत्यात. चॉकलेटी बूट, टोकदार. माज्या लग्नात रुसून घेतलेलं बूट हायत हे. मावसा हाय."

ह्या बुटांची हकिकत सांगायलाच हवी. रविराजच्या लग्नात जोतीरामाला मानाची टोपी मिळाली, पण त्याला पाहिजे होते बूट. तो जेवायचा थांबला, पंगत थांबली, नवरानवरी उपाशी. शेवटी विट्याला मोटारसायकल पिटाळून ते टोकदार बूट आणले तेव्हा हा माणूस भाताला शिवला. ते बूट आमच्या अख्ख्या पट्ट्यात कुणीही ओळखेल, कोईमतूरहूनसुद्धा.

आम्ही पळालो. म्हणजे लालासाहेब पळाले, मी मागनं चालत गेलो, पण लवकर पोचलो, कारण असलं काही चुकवायचं नसतं. जाऊन बघतो तर घोंगडं पॅनलवर पसरलेलं, शिडी घसरून खाली पडलेली, आणि जोतीराम खांबाला हातापायांची मिठी मारून अधांतरी. खाली लीलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"साडूबुवा," लालासाहेब धापा टाकत म्हणाले, "वर काय चाललंय?"

"पॅनल पुसतुय."

"घोंगड्यानं?"

"ढगाळ हाय. म्हनलं, गारठंल."

"दाजी," लीलाबाई म्हणाल्या, "आक्काला म्हाईत हाय का तुमी कुठं हाय ते?"

"तिला कशाला मधी वडतीस?"

एवढ्यात लालासाहेबांचं लक्ष मोबाइलकडं गेलं आणि त्यांचा चेहराच उतरला. छत्तीस होते, आता एकतीस. बघता बघता तीस. त्यांनी रविराजला फोन लावला.

"रव्या, किती जन बघतायत?"

"आण्णा, मी ग्रुपवर निस्तं एवडंच टाकलं, मावसा खांबावर हाय म्हनून."

"किती?"

"समदे. गुवाहाटीवाल्यांनी शेजारच्या दुकानातली मान्सं बी बोलावल्यात."

अठ्ठावीस. त्रेसष्ट मोबाइलांवर सिनेमा चालू होता. घोंगड्यानं जे दोन तासांत झालं नसतं ते पोरं पाच मिनिटांत करून दाखवणार होती. लालासाहेबांनी कॅमेऱ्यापुढं उभं राहून हात जोडले. "बंद करा रं. पाया पडतो, बंद करा." कान नसलेल्या यंत्रापुढं म्हातारा हात जोडतोय आणि वर जोतीराम लटकतोय, हे बघून कोण बंद करणार? मीही केलं नसतं.

सव्वीस.

"रव्या, सांग त्यास्नी."

"सांगितलं. जालंधरवाले म्हनत्यात, मावसा खाली आला की बंद करतो."

"मग उतरा हो दाजी," लीलाबाई म्हणाल्या.

"शिडी लावा की आधी."

शिडी घ्यायला मी वाकलो, पण ती लोखंडी, माझ्याच्यानं हलेना. चोवीस. लालासाहेबांनी एकदा वर बघितलं, एकदा मोबाइलकडं. मग पॅनलवरनं लोंबणारा घोंगड्याचा लाल गोंड्याचा कोपरा धरून हिसडा मारला, घोंगडं खाली ओढलं, पडलेली शिडी एकट्यानं उचलून खांबाला लावली, दोन पायऱ्या चढले आणि ते घोंगडं कॅमेऱ्याच्या तोंडावर टाकून वर स्वतः खांबाला मिठी मारली. आता एकाच खांबाला दोन साडू बिलगलेले, एक वर, एक खाली, मधे काळी लोकर.

"आण्णा," फोनवर रविराज, "अंधार झाला. काय दिसंना."

"दिसायचं बी न्हाई."

खाली लीलाबाईंच्या हातात मोबाइल. त्या मोठ्यानं आकडा वाचत होत्या. तेवीस. तेवीस. बावीस. मग लय वेळ बावीस. अंधार बघत कोण बसतं? जालंधर गेलं, मदुराई गेलं, गुवाहाटीची शेजारची मंडळी आपापल्या दुकानात गेली. एकवीस. आणि आकडा एकवीसला थांबला.

"साडूबुवा," वरनं जोतीराम बारीक आवाजात म्हणाला, "माझा पाय तुमच्या खांद्यावर टेकू का?"

"टेका. बूट काढून."

मॅडमची गाडी एकला पाच कमी असताना आली. तोवर जोतीराम खाली होता आणि लीलाबाईंनी त्याला चहाच्या नावाखाली घराकडं पिटाळला होता. मॅडमनी मोबाइल बघितला.

"काका, जेमतेम."

"काठावर पास म्हंजे पासच, मॅडम."

मग लालासाहेबांनी बायका, त्रेसष्ट पोरं, पाळीपत्रक, सगळं कबूल केलं. साडूचं तेवढं बोलले नाहीत. ते घरातलं. मॅडम चावडीवर जाऊन तो कागद दोनदा वाचून आल्या. "बाराची वेळ कुणी ठरवली?"

"उन्हानं."

मॅडमनी कागदाचा फोटो काढून घेतला आणि कॅमेरा राहू दे म्हणाल्या. लालासाहेबांनी त्यांच्यासमोर काही दाखवलं नाही, पण त्या गेल्यावर माळावर गेले ते अंधार पडेपर्यंत खाली आले नाहीत.

इथं संपलं असतं. पण गुरुवारी मॅडमचा फोन आला, आणि लालासाहेब फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, चावडीपुढं. पुण्याच्या संगणकाला फोटोतलं जनावर आपण होऊन ओळखायला शिकवलंय. माणसांचे फोटो तो बाजूला टाकतो, जनावरांचे ठेवतो. सोमवारी बारा वाजून नऊ मिनिटांचे तीन फोटो त्यानं ठेवले होते. काळं, केसाळ, एकदम जवळ. खाली लिहिलं होतं, अस्वल.

"काका, तुमच्याकडं अस्वल?"

"न्हाई मॅडम. घोंगडं हाय ते."

मॅडम हसल्या, खोडते म्हणाल्या आणि खोडलंही. पण चावडीपुढं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं ऐकायच्या आत उठले. मी काही केलं नाही. दोन फोन केले, बस. संध्याकाळपर्यंत पाचपिंपळीला कळलं की बोरमाळच्या माळावर अस्वल आलंय, आणि सोमवारीच आलं होतं.

आता जोतीरामाची बायको त्याला विचारतच होती, सोमवारी घोंगडं घेऊन गेलात, ते कुठाय, आणि खांबावर चढला होतात म्हणे ते कशाला? त्याला चार दिवस उत्तर सापडत नव्हतं. अस्वलाची बातमी आली आणि त्याला सापडलं.

संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन बोरमाळला आला, बूट घालून. ओसरीवर आम्ही दहाबारा जण. तोवर अस्वल रेड्याएवढं झालं होतं. कसं समोर आलं, कसा हा खांबावर चढला, कसं त्यानं खालनं घोंगडं ओढून नेलं, सगळं हात करून सांगत होता. लालासाहेब खाली मान घालून तीळ चघळत होते. त्यांचा खांब माळावर होता, त्यांना कुणाच्या अस्वलाशी देणंघेणं नव्हतं.

ते घोंगडं आत लीलाबाईंच्या ट्रंकेत, धुऊन ठेवलेलं. त्या चहा घेऊन बाहेर आल्या आणि कप त्याच्या हातात देत म्हणाल्या, "दाजी, त्या अस्वलाच्या कोपऱ्याला लाल गोंडा हुता का वो?"

जोतीरामानं कप तोंडाशी नेला, लालासाहेबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चहाचा घोट घेऊन म्हणाला, "हुता की. नर हुता."